विलंब शुल्क कोणी भरायचं?

आकाशवाणीचं बोलावणं आलं की ते बहुधा कवितेसाठीच असतं. आज मात्र मी कवितेवर बोलणार नाही. आपल्या घराघरांत वरचेवर कानावर पडणाऱ्या एका साध्या वाक्यावर बोलणार आहे. ते वाक्य म्हणजे, ‘पोराचं एक वर्ष गेलं.’

हे वाक्य आपण किती सहज बोलतो पाहा. लग्नाला उशिरा पोचलो तर दुसरी पंगत असते. एस.टी. चुकली तर तासाभराने दुसरी येते. त्याच सुरात आपण म्हणतो, ‘एक वर्ष गेलं, हरकत नाही, पुढच्या वर्षी होईल.’ पण हे वर्ष गेलं कुठे? कोणाच्या खिशातून गेलं? आणि ज्याच्यामुळे गेलं, त्याने त्याची काही भरपाई केली का? दुकानदाराने साखर शंभर ग्रॅम कमी भरली तर आपण त्याच्याशी भांडतो. पदवीच्या तीन वर्षांची साडेचार झाली तर नशिबाला बोल लावून गप्प बसतो. त्या वर्षाचा हिशेब एकदा मांडून बघावा, एवढाच माझा आजचा हेतू आहे. मी बी.ए. झालेला साधा माणूस, अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. तेव्हा हा हिशेब किराणा दुकानाच्या वहीसारखाच असेल. चालवून घ्या.

उशीर दोन प्रकारचा असतो. एक विद्यार्थ्याकडून होणारा आणि दुसरा विद्यापीठाकडून होणारा. आपण पहिल्याबद्दल फार बोलतो आणि दुसऱ्याबद्दल कमी.

आधी पहिला घेऊ. ए.टी.के.टी. हा शब्द आता जवळजवळ मराठीच झाला आहे. ‘अलाउड टू कीप टर्म्स’ असं त्याचं पूर्ण रूप. म्हणजे एखाद-दोन विषयांत नापास झालात तरी पुढच्या वर्गात बसा आणि राहिलेले विषय मागाहून सोडवा. सवलत चांगली आहे. तिच्यामुळे हजारो मुलांचं शिक्षण तुटता तुटता वाचलं. पण शेवटच्या वर्षी ही सवलत संपते. पुढचा वर्गच उरत नाही, मग सवलत कसली? सगळे विषय सुटले आणि एक राहिला, तर पदवी थोडी कमी मिळते असं नाही, ती मिळतच नाही. त्या एका पेपरासाठी पुढच्या परीक्षेपर्यंत थांबायचं. तोवर हा मुलगा कोण? तो विद्यार्थी नाही, कारण कॉलेज संपलं. तो पदवीधरही नाही. फॉर्ममधल्या ‘शिक्षण’ या रकान्यात त्याने बारावी लिहायचं.

अशा मुलाला आपण आळशी म्हणून मोकळे होतो. काही असतातही. पण आमच्या गावात यंत्रमाग आहेत. रात्रपाळी करून सकाळी साडेसातच्या तासाला येऊन बसणारी मुलं मी पाहिली आहेत. वर्गात त्यांचा डोळा लागतो तो आळसाने नव्हे. घरात कॉलेजची पायरी चढणारं हे पहिलंच माणूस. फॉर्म कधी भरायचा, कोणता विषय घेतला तर पुढे अडचण येते, पुनर्मूल्यांकनासाठी किती दिवसांत अर्ज करायचा, हे सांगणारं घरात कोणी नसतं. ज्याचा बाप वकील किंवा मास्तर आहे त्याला हे जेवताना कळतं. विडी वळणाऱ्या आईच्या मुलाला ते नोटीस बोर्डावरून कळतं, आणि पुष्कळदा तारीख उलटून गेल्यावर कळतं.

आता दुसऱ्या प्रकाराकडे येऊ. विद्यार्थी वेळेवर आला, पेपर वेळेवर लिहिला आणि निकालच आला नाही. याचं सगळ्यांना आठवणारं उदाहरण म्हणजे २०१७ सालचं मुंबई विद्यापीठ. १८५७ साली स्थापन झालेलं, देशातल्या सगळ्यात जुन्या विद्यापीठांपैकी एक. त्या वर्षी विद्यापीठाने ठरवलं की उत्तरपत्रिका कागदावर न तपासता त्यांची छायाचित्रं काढून संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या. कल्पना वाईट नव्हती. गठ्ठे हरवणार नाहीत, बेरजा चुकणार नाहीत, असा विचार होता. पण उत्तरपत्रिका होत्या सुमारे १७ लाख, परीक्षा ४७७, आणि तयारी मात्र परीक्षा तोंडावर आल्यावर सुरू झाली. स्कॅनिंग रखडलं, प्राध्यापकांना नवी पद्धत शिकायला वेळ मिळाला नाही, एका विषयाच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकासमोर उघडल्याच्या तक्रारी झाल्या. राज्यपाल हे कुलपती. त्यांनी जुलै महिन्यात बजावलं की ३१ जुलैपर्यंत सगळे निकाल लावा. कॉलेजांचे तास बंद ठेवून प्राध्यापकांना तपासायला बसवलं गेलं. बाहेरच्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची मदत घेतली गेली. तरी ३१ जुलै हुकला. ऑगस्ट गेला. शेवटचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर निम्मा सरला. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं.

वर्तमानपत्रांनी तेव्हा पुष्कळ लिहिलं. लक्ष राहिलं ते कुलगुरूंच्या खुर्चीवर. पण त्या चार-साडेचार महिन्यांत मुलांचं काय झालं? एल.एल.एम.ला प्रवेश घ्यायचा तर एल.एल.बी.चा निकाल हवा. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात एम.ए. करायचं तर बी.ए.ची गुणपत्रिका हवी. परदेशी जागा मिळालेल्यांचे वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात. मुंबईचा निकाल लागला नाही म्हणून ते कोणासाठी थांबत नाहीत. नोकरी ठरलेल्या मुलाला कंपनी म्हणते, गुणपत्रिका आणा आणि रुजू व्हा. म्हणजे उशीर झाला चार महिन्यांचा, पण प्रवेशाचं दार वर्षातून एकदाच उघडतं, म्हणून किंमत पडली वर्षाची. उशिराचा हा गुणाकार लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मुंबई हे एकच उदाहरण आहे असं नाही. २०१३ साली फेब्रुवारी ते मे या काळात राज्यातल्या प्राध्यापकांच्या संघटनेने परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता. थकलेल्या वेतनाचा प्रश्न होता, मागणीत तथ्यही होतं. पण शासन आणि संघटना यांच्या ओढाताणीत दोरी झाली ती मुलांची. बिहारमधल्या मगध विद्यापीठाचं तर विचारू नका. २०१८ साली तीन वर्षांच्या पदवीला बसलेली मुलं २०२१ मध्ये पदवीधर व्हायला हवी होती. २०२२ मध्येही ती निकालासाठी आंदोलनं करत होती. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पाच वर्षं. यातली दोन वर्षं त्यांनी काय शिकण्यात घालवली? वाट बघायला शिकण्यात.

आणि मग ‘राखीव’ निकाल. हा शब्द ज्याने अनुभवला त्यालाच कळतो. पास नाही, नापास नाही, राखीव. कधी आसन क्रमांकातला एक आकडा चुकलेला असतो, कधी अंतर्गत गुण कॉलेजने पाठवलेले नसतात, कधी पाठवलेले असतात पण चढवलेले नसतात. चूक कारकुनी असते, पण ती दुरुस्त करायला मुलाने विद्यापीठाच्या गावी जायचं. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. ‘साहेब रजेवर आहेत, सोमवारी या.’ सोमवारी यायचं म्हणजे पुन्हा एस.टी.चं भाडं आणि एका दिवसाची मजुरी बुडवायची. आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा असा सात वेळा गेला होता. परत आला की त्याची आई दारातच विचारायची, “बेटा, कागज मिला क्या?” तिला पदवी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. एका कागदावाचून मुलाचं अडलंय, एवढंच तिला कळत होतं. आणि तेच खरं होतं.

आता हिशेबाची वही उघडू.

पदवीला एक वर्ष उशीर झाला की आपल्याला वाटतं, पहिल्या वर्षाचा पगार बुडाला. नवख्या मुलाला महिन्याला १५ हजार मिळाले असते असं धरलं, तर वर्षाचे १ लाख ८० हजार. हा आकडा लहान नाही. पण बुडतं ते पहिलं वर्ष नव्हे, शेवटचं. जिथे निवृत्तीचं वय ठरलेलं आहे, समजा ५८, तिथे २२व्या वर्षी लागलेला माणूस ३६ वर्षं नोकरी करतो आणि २३व्या वर्षी लागलेला ३५. म्हणजे वजा झालं ते ३६वं वर्ष, पगार सगळ्यात जास्त असतो ते. १५ हजारांवर लागून दर वर्षी ५ टक्के वाढ मिळत गेली, तर ३६व्या वर्षी महिन्याचा पगार ८२ हजारांच्या पुढे जातो. महागाईने त्या पैशाची किंमत घटलेली असेल, मान्य. तरी ते वर्ष पहिल्या वर्षापेक्षा मोठंच असतं.

दुसरी ओळ बचतीची. वयाच्या विशीतला रुपया हा सगळ्यात कष्टाळू रुपया. त्याला काम करायला सगळ्यात जास्त वर्षं मिळतात. पहिल्या वर्षी महिन्याला दोन हजार, म्हणजे वर्षाचे २४ हजार बाजूला पडले आणि ८ टक्के दराने ३५ वर्षं वाढत राहिले, तर त्यांचे साडेतीन लाखांच्या वर होतात. उशीर झाला की हे २४ हजार नव्हे, ते साडेतीन लाख जातात.

तिसरी ओळ निवृत्तिवेतनाची. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेत पेन्शन काढायचं सूत्र सोपं आहे: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. सप्टेंबर २०१४ मध्ये ठरलेली १५ हजारांची मर्यादा धरून हिशेब केला, तर एक वर्ष कमी झालं की महिन्याला २१४ रुपये कमी. आज हा आकडा फुटकळ वाटेल. म्हातारपणी रक्तदाबाच्या गोळ्या घेताना तो फुटकळ वाटत नाही.

चौथी ओळ कर्जाची. शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपून काही काळ गेल्यावर सुरू होतो, पण व्याज आधीपासूनच चढत असतं. चार लाखांचं कर्ज, दर १० टक्के, म्हणजे वर्षाला ४० हजार. विद्यापीठाचा निकाल थांबतो, बँकेचं व्याज थांबत नाही. शिवाय बहुतेक शिष्यवृत्त्या एकाच वर्गात दुसऱ्यांदा बसलं की बंद होतात. वसतिगृहातली जागाही जाते. म्हणजे ज्या वर्षी मदतीची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्याच वर्षी आधाराची काठी काढून घ्यायची, असा हा प्रकार.

आणि पाचवी ओळ, जी पैशात मांडताच येत नाही. बँकांच्या भरतीची जाहिरात आपण बारकाईने वाचली तर त्यात एक अट दिसते. अमुक तारखेला उमेदवार पदवीधर असला पाहिजे. आणि ती तारीख पाहतात गुणपत्रिकेवरची किंवा निकाल जाहीर झाल्याची, पेपर लिहिल्याची नव्हे. आता दोन मैत्रिणी घ्या. दोघींनी एप्रिलमध्ये एकाच दिवशी शेवटचा पेपर लिहिला. एकीच्या विद्यापीठाचा निकाल जूनमध्ये लागला, दुसरीचा सप्टेंबरमध्ये. भरतीची तारीख ऑगस्टची. पहिली परीक्षेला बसली, दुसरी बसू शकली नाही. दुसरीचं काय चुकलं? तिचा पत्ता चुकला. ती दुसऱ्या जिल्ह्यात जन्मली. वयोमर्यादेचं घड्याळ मात्र दोघींचं सारखंच चालत राहिलं. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांच्या दृष्टीने प्रत्येक वर्ष म्हणजे एक संधी, आणि संध्या मोजक्या असतात.

हा झाला पैशाचा हिशेब. पण घर नुसतं पैशावर चालत नाही.

गरिबाच्या घरात शिक्षण ही रांग असते. थोरल्याचं झालं की धाकट्याची फी. थोरला अडकला की मागची सगळी रांग अडकते. वडिलांनी मनाशी ठरवलेलं असतं, ‘याची पदवी झाली की मी पाळी सोडीन, डोळ्यांचं ऑपरेशन करून घेईन.’ निकाल राखीव राहतो आणि ते ऑपरेशनही राखीव राहतं. गावात लोक विचारतात, ‘काय करतो हल्ली?’ पहिल्या वर्षी मुलगा सांगतो, ‘निकालाची वाट बघतोय.’ दुसऱ्या वर्षी तो चौकातून जायचंच टाळतो. हा लाजेचा कर कोणत्याही वहीत चढत नाही. मुलं मनातल्या मनात तो भरत राहतात, आणि काही मुलांना तो झेपत नाही. निकाल आणि भरती रखडल्याने खचून गेलेल्या तरुणांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. त्या पुन्हा सांगायची माझी हिंमत नाही.

मुलींचा प्रश्न आणखी नाजूक. आपल्याकडे पुष्कळ घरांत मुलीचं शिक्षण हा एक तह असतो. ‘पदवी होईपर्यंत लग्नाचं बोलणार नाही,’ असं वडील कबूल करतात. हा तह तारखेवर उभा असतो. जूनमध्ये निकाल लागला तर मुलीच्या हातात कागद येतो. तो दाखवून ती म्हणू शकते, ‘आता बी.एड.चा फॉर्म भरते.’ निकाल नाही आला तर घरातले म्हणतात, ‘स्थळ चांगलं आहे, राहिलेलं लग्नानंतर दे.’ लग्नानंतर देऊन पास झालेल्या मुली मला माहीत आहेत, त्यांना माझा सलाम. पण ते ‘लग्नानंतर’ आयुष्यभर आलंच नाही, अशा मुली मला त्याहून जास्त माहीत आहेत. एका मुलीचे शेवटच्या वर्षाचे दोन पेपर राहिले होते. आज तिची मुलगी कॉलेजात आहे. ती मला म्हणाली, “मामू, हिचा निकाल लागेपर्यंत मी घरात कोणाला तोंड उघडू देणार नाही.” तिचं सगळं अर्थशास्त्र या एका वाक्यात आलं.

मी ज्या समाजातून येतो त्याबद्दल एक आकडा सांगतो. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. २००१ च्या जनगणनेच्या आधारे तिने सांगितलं की देशात २० वर्षांवरच्या लोकांपैकी सुमारे ७ टक्के पदवीधर किंवा पदविकाधारक आहेत, आणि मुसलमानांत हे प्रमाण ४ टक्क्यांहून कमी आहे. आकडा जुना आहे, त्यानंतर पुष्कळ मुलं-मुली पुढे आली. पण तो सांगण्याचं कारण वेगळं आहे. जिथे पदवीधरच थोडे, तिथे प्रत्येक पदवीधर हा मोहल्ल्यासाठी एक पुरावा असतो, शिकून काही होतं याचा पुरावा. तो पुरावा रखडला की शेजारचा बाप आपल्या मुलाला म्हणतो, ‘त्याचं बघ काय झालं. त्यापेक्षा गॅरेजला लाग.’ एका मुलाच्या उशिराने असं दुसऱ्याचं शिक्षण सुरू होण्याआधीच संपतं. ही गोष्ट मुसलमानांचीच आहे असं नाही. पारध्यांच्या पालावर, ऊसतोड कामगारांच्या तांड्यावर, आदिवासी पाड्यावरही ती अशीच घडते.

आता मूळ प्रश्न. हे सगळं कोण भरतं?

परीक्षेचा फॉर्म एक दिवस उशिरा भरला तर विद्यार्थ्याला विलंब शुल्क द्यावं लागतं. आणखी उशीर झाला तर अतिविलंब शुल्क. ते न भरलं तर परीक्षेला बसता येत नाही. शिस्त म्हणून हे ठीक आहे. आता दुसरी बाजू पाहू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा विद्यापीठाने प्रयत्न करावा, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत तो लावावा. हा कायदा अमलात आला १ मार्च २०१७ रोजी. आणि मुंबईचा तो गोंधळ झाला त्याच उन्हाळ्यात. ४५ दिवस उलटले तर काय? उशिराच्या कारणांचा अहवाल वर पाठवायचा. विद्यार्थ्याला एक दिवसाच्या उशिराबद्दल रोख दंड, विद्यापीठाला चार महिन्यांच्या उशिराबद्दल निबंध.

मग विद्यार्थ्याने दाद मागावी ती कुठे? एक खटला सांगतो. बिहारमध्ये शालान्त परीक्षेत मंडळाने एकच आसन क्रमांक दोन मुलांना दिला. त्या गोंधळात एका मुलाचा निकालच जाहीर झाला नाही. त्याला पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. वडील ग्राहक मंचात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. २००९ साली न्यायालयाने निर्णय दिला की परीक्षा घेणं हे मंडळाचं कायद्याने नेमून दिलेलं काम आहे, ती विकलेली सेवा नव्हे. त्यामुळे परीक्षार्थी हा ग्राहक नव्हे आणि ग्राहक मंचात भरपाई मागता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय असेल बरोबर, मी त्यावर बोलणारा कोण? पण साधा माणूस म्हणून मनात येतं की बंद पडलेल्या पंख्याची भरपाई मला मिळू शकते, बुडालेल्या वर्षाची नाही. उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो, हे खरं. पण रात्रपाळी करणाऱ्या मुलाने ४५व्या दिवशी वकील गाठावा, अशी अपेक्षा करायची का?

कोणी म्हणेल, एवढी घाई कशाला? शिक्षण म्हणजे काय शर्यत आहे? मला हे मान्य आहे. सावकाश शिकण्यात काही कमीपणा नाही. नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं ते अशांसाठीच. नोकरी करत, पोरंबाळं सांभाळत, पाच-सहा वर्षांत पदवी घेणारी माणसं तिथे आहेत, आणि त्यांची पदवी माझ्या पदवीपेक्षा जास्त कष्टाची आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मध्येच थांबण्याची आणि परत येण्याची सोय मांडली. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. कल्पना चांगली आहे. पण आपल्या पायाने सावकाश चालणं वेगळं आणि कोणीतरी दारात अडवून ठेवणं वेगळं. पहिल्यात वेळ माझा असतो. दुसऱ्यात माझा वेळ दुसऱ्याच्या टेबलावर पडलेला असतो.

मग करायचं काय? मोठ्या क्रांतीची गरज नाही, लहान गोष्टी पुरतील. शेवटच्या वर्षी एकच विषय राहिलेल्या मुलांची फेरपरीक्षा सहा महिन्यांनी न घेता सहा आठवड्यांत घ्यावी. निकाल ४५ दिवसांपुढे गेला तर त्या परीक्षेची फी आपोआप परत करावी, त्यासाठी अर्ज करायला लावू नये. रक्कम छोटी असेल, पण उशीर झाला याची नोंद तरी पैशात होईल. विद्यापीठाच्या चुकीने निकाल राखीव राहिला तर दुरुस्ती कॉलेजातच व्हावी, मुलाने विद्यापीठाच्या खिडकीवर का जावं? भरतीच्या जाहिरातींनी निकालाच्या तारखेऐवजी शेवटच्या पेपराची तारीख धरावी आणि रुजू होताना गुणपत्रिका मागावी. आणि नव्या पद्धती जरूर आणाव्यात, फक्त त्या आधी एखाद्या छोट्या परीक्षेवर चालवून बघाव्यात. कपडा बेतायच्या आधी शिंपी दोनदा माप घेतो. १७ लाख उत्तरपत्रिकांचं माप एकदा तरी घ्यायला हवं.

आणि एक काम आपलं, घरातल्यांचं. आपल्या भिंतीवर दिनदर्शिका असते. तिच्यावर आपण दुधाचा खाडा लिहितो, गॅस कधी लागला ते लिहितो. मुला-मुलीचा शेवटचा पेपर ज्या दिवशी होईल त्या तारखेवर एक खूण करा आणि तिथून ४५ दिवस मोजा. ४५वा दिवस रिकामा गेला तर मुलाला एकटं पाठवू नका. त्याच्याबरोबर कॉलेजात जा, आणि गोडीने पण ठामपणे विचारा की हा खाडा कोणाच्या नावावर लिहायचा? दहा घरांतून दहा बाप आणि दहा आया हा प्रश्न विचारायला गेल्या, तर पुढच्या वर्षीची खूण जरा वेळेवर पुसली जाईल.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)